हायब्रीड सेडान घेताय? आमच्या दाजींनी केल्या त्या चुका टाळा

दाजींचं केळीचं काम आहे, राहणं सावद्याला. रोजची चक्कर रावेर-बऱ्हाणपूर, आठवड्यातून एकदा जळगाव आणि महिन्यातून दोनदा सुरत. मागच्या दिवाळीत त्यांच्या डोक्यात बसलं की आता हायब्रीडच घ्यायची, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली, अन् तीही सेडान, मागे वेगळी डिक्की असलेली, कारण एसयूव्ही गल्लीत सगळ्यांकडे आहे. मग काय, दर रविवारी मला उचलायचे आणि शोरूमला न्यायचे. दोन महिने हे चाललं. त्यात त्यांच्या ज्या चुका झाल्या आणि थोड्या माझ्याही, त्या लिहितोय, कारण आपल्याकडे बहुतेक जण हेच करतात.

पहिली चूक म्हणजे मागे हायब्रीड लिहिलंय म्हणजे झालं असं समजणं. दाजींच्या चुलतभावाकडे मारुतीची जुनी सियाझ आहे, त्यावर स्मार्ट हायब्रीड लिहिलेलं. तो सगळ्यांना सांगत फिरतो, माझी पण हायब्रीडच आहे, काही विशेष फरक पडत नाही. अरे भो, ती माइल्ड हायब्रीड! त्यातली छोटी मोटर इंजिनला हातभार लावते, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते, पण एकट्या बॅटरीवर गाडी एक फूटसुद्धा पुढे जात नाही. स्ट्राँग हायब्रीड हे प्रकरणच वेगळं, त्यात मोटर स्वतः चाकं फिरवते. सेल्समनला सरळ विचारायचं, 'इंजिन बंद ठेवून गाडी चालते का?' उत्तर द्यायला तो घुटमळला तर समजून जा.

आणि सेडानमध्ये पर्याय तरी किती आहेत? होंडा सिटीची हायब्रीड मे २०२२ मध्ये आली तेव्हा किंमत १९.५० लाखाच्या आसपास, एक्स-शोरूम. टोयोटा कॅमरीचं नवीन मॉडेल डिसेंबर २०२४ मध्ये ४८ लाखाला आलं. मधल्या जागेत मोकळं रान. दाजी रात्री जेवण झालं की यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघायचे, अकॉर्ड हायब्रीड, सोनाटा हायब्रीड, एलांट्रा हायब्रीड, आणि सकाळी मला फोन, 'ती पन्नासचं अ‍ॅव्हरेज देते म्हणे.' दाजी, ते पन्नास मैल आहेत, तेही गॅलनला. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला २१ किलोमीटर. आणि त्या गाड्या इथल्या शोरूमला मिळतच नाहीत, मग तुलना कशाशी करताय?

आता टेस्ट ड्राइव्ह. इथे भले भले फसतात. एका शोरूमने आम्हाला चार किलोमीटरचा राउंड मारून आणला, स्क्रीनवर अ‍ॅव्हरेज दिसलं ३० च्या वर आणि दाजी तिथंच टोकन द्यायला निघाले. मी म्हटलं थांबा. निघताना बॅटरी जवळपास भरलेली होती, रस्ता गावातला, स्पीड चाळीसच्या आत, म्हणजे गाडी बहुतेक वेळ मोटरवरच चालली, इंजिनने पेट्रोल प्यायलंच नाही. बॅटरीत होतं ते खर्च झालं आणि स्क्रीनला वाटलं फुकटात आलो. खरा आकडा बघायचा तर निघताना आणि परत आल्यावर बॅटरीच्या कांड्या सारख्या पाहिजेत आणि निदान ४०-५० किलोमीटर तरी गाडी चालवायला पाहिजे, एसी चालू, चार माणसं बसवून. शोरूमवाले कुरकुर करतील. करू द्या, २० लाख आपले चाललेत.

कंपनीचा आकडाही तसाच समजा. सिटी हायब्रीड आली तेव्हा लिटरला २६.५ सांगत होते, कॅमरीचं २५.४९ आहे. खोटं नाही ते, पण ती टेस्ट गाडी रोलरवर चढवून होते आणि त्यात जास्तीत जास्त वेग ताशी ९० चा. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ ला टेकलाय, एसी फुल, गाडीत पाच जण आणि हायवेला ११०, अशी टेस्ट कोणी घेत नाही.

पण सगळ्यात मोठी चूक पुढे आहे, ती म्हणजे पुण्यातल्या माणसाचा हिशोब आपल्याला लावणं. हायब्रीडची कमाई ब्रेक मारण्यात आहे. ब्रेक दाबला की मोटर उलटी जनरेटर होते आणि वाया जाणारी ताकद परत बॅटरीत टाकते, मग पुढच्या सिग्नलवरून गाडी त्याच करंटवर निघते. म्हणून ट्रॅफिकमध्ये ती भारी. सरळ हायवेला ब्रेक मारायचाच नाही तर परत मिळणार काय? होंडा सिटी हायब्रीडमध्ये तर हायवेच्या स्पीडला क्लच लागून इंजिनच थेट चाकाला जोडलं जातं, म्हणजे बराचसा वेळ ती साधी पेट्रोल गाडीच. आणि दाजींचं रनिंग कुठलं? रोजचा बऱ्हाणपूर रोड आणि वरून धुळे-सुरत हायवे.

मी त्यांच्यासमोर वहीत हिशोब मांडला. पेट्रोल १०५ रुपये धरलं, पेट्रोल ऑटोमॅटिक आणि हायब्रीडमध्ये फरक ४ लाख धरला, महिन्याचं रनिंग २,५०० किलोमीटर. सगळं ट्रॅफिकचं धरलं, पेट्रोल गाडी लिटरला १३ आणि हायब्रीड २०, तर महिन्याला सात हजार वाचतात आणि पावणेपाच वर्षांत चार लाख वसूल. तेच सगळं हायवेचं धरलं, १७ विरुद्ध २०, तर महिन्याला जेमतेम तेवीसशे वाचतात. चार लाख निघायला १४ वर्षं! दाजींनी वही दोनदा उलटसुलट बघितली आणि ताईला म्हणाले चहा टाक. तुमचे आकडे वेगळे येतील, पण आपल्या महिन्याभराच्या रनिंगमधून गावातलं किती आणि हायवेचं किती हे आधी लिहून काढा, मग ब्रोशर उघडा.

टॅक्सचाही एक गैरसमज आहे. 'हायब्रीडला सरकार सूट देतं ना?' सूट इलेक्ट्रिकला आहे, दोन्ही एकात मिसळू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला त्यात छोट्या गाड्या १८ टक्क्यांत आल्या, पण चार मीटरपेक्षा लांब हायब्रीड ४० टक्क्यांत. महाराष्ट्रात रोड टॅक्स पेट्रोल गाडीचाच, १० ते २० लाखाला १२ टक्के, वर गेलं की १३. म्हणजे साडेएकोणीस लाखाच्या गाडीला दोन लाख चौतीस हजार नुसता रोड टॅक्स, जळगावचं एमएच-१९ पासिंग घ्या नाहीतर धुळ्याचं एमएच-१८. तुलना नेहमी ऑन-रोडची करा, म्हणजे टॅक्स-विमा सगळं धरून.

डिक्की. दाजींनी इथे मात्र हुशारी केली, घरून केळीचं रिकामं कॅरेट घेऊन गेले आणि शोरूममध्ये सगळ्यांसमोर डिक्कीत ठेवून बघितलं. सेल्समन हसत होता. पेट्रोल सिटीची डिक्की ५०६ लिटरची, हायब्रीडमध्ये बॅटरी मागे असल्यामुळे जागा चांगलीच कमी होते. स्टेपनी कुठे आहे तेही उघडून बघा. आणि सेडान मळ्यातल्या रस्त्याला नेणार असाल तर पाच जण बसवून गावातल्या ब्रेकरवरून काढून बघा, खाली घासली तर तिथंच कळेल.

घेतल्यावर लोक ज्याला बिघाड समजतात त्यातलं निम्मं बिघाड नसतंच. बटण दाबलं, आवाज आला नाही म्हणून परत दाबतात आणि चालू झालेली गाडी बंद करतात. रेडीचा दिवा लागला की गाडी चालू आहे, बस. घाट चढताना इंजिन ओरडतं आणि स्पीड त्या मानाने वाढत नाही, ते क्लच सरकणं नाही, ह्या गाड्या तशाच चालतात. कन्नड घाट उतरताना बॅटरी भरली की परत भरायला जागा नसते, मग इंजिन आवाज करून गाडी धरून ठेवतं, घाबरू नका. आणि रेडी असताना पोरांना आत ठेवून उतरू नका, उभ्या गाडीत इंजिन आपोआप सुरू होतं.

बॅटरीची भीती सगळ्यांना. दाजींची आई तर आल्या आल्या, 'बॅटरी खराब व्हयनी तं काय करशी?' बॅटरीची वॉरंटी होंडा-टोयोटा दोन्ही कंपन्यांची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. पण बऱ्याच हायब्रीडमध्ये बॅटरी थंड करायला मागच्या सीटजवळ जाळी असते, तिच्यावर उशी, पिशवी, टॉवेल काही ठेवू नका, आणि आपल्याकडे कपाशीच्या दिवसात जो कचरा उडतो तो तिथं अडकतो, तर सर्व्हिसिंगला जाळी साफ करायला सांगा. दुसरं, गाडी अजिबात रेडी होत नसेल तर मोठ्या बॅटरीला दोष द्यायच्या आधी साधी १२ व्होल्टची बॅटरी तपासा, लग्नसराईत महिनाभर उभी राहिली की तीच बसते. नारिंगी वायरला मात्र गावातल्या इलेक्ट्रिशियनला हात लावू देऊ नका, तो कितीही जवळचा असो. त्यात हाय व्होल्टेज असतं. उंदरांचंही बघा, केळीच्या शेडमध्ये गाडी लावली की ते वायर सोडत नाहीत.

दाजींनी शेवटी साधी पेट्रोल घेतली, तीही मॅन्युअल. हायब्रीड घेतली त्यांच्या जळगावच्या मेहुण्याने, म्हणजे मीच. माझं रोजचं एमआयडीसी आणि गावातलं जाणं-येणं, दिवसाला पन्नास किलोमीटर, सगळे सिग्नल आणि खड्डे. आता रविवारी दाजी येतात आणि गाडी मागतात, भरीत पार्टीला न्यायला.