बांधाआधी गोडं पाणी: किनाऱ्यालगतच्या शेतीसाठी पावसाळ्यापूर्वीचा सल्ला

समुद्रकिनारी आणि खाडीकाठी शेती असणाऱ्यांसाठी पावसाआधीचे हे काही आठवडे फार मोलाचे. जमिनीतला खार या दिवसांत सर्वात वर आलेला असतो, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि बांधाच्या भेगा उघड्या पडलेल्या असतात. जे बिघडलं आहे ते आत्ता डोळ्यांना दिसतं, पहिल्या पावसाने झाकलं जातं.

समुद्राची पातळी वाढते आहे म्हटलं की पहिला विचार बांध उंच करण्याचा येतो. बांध हवाच. पण खारं पाणी बांधावरून येण्याच्या कितीतरी आधी ते खालून आणि फटींतून येतं: उपसलेल्या विहिरीतून, नाल्यातून, नीट न मिटणाऱ्या उघाडीतून (बांधातली पाणी बाहेर सोडायची झडपेची वाट). म्हणून यंदाच्या कामांची सुरुवात गोडं पाणी राखण्यापासून करा.

१९०१ ते २०१८ या काळात जगातली सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. २००६ ते २०१८ मध्ये हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर झाला होता. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार शतकाअखेरीपर्यंतची वाढ, उत्सर्जन किती होतं त्यावर, साधारण २८ सेंटिमीटर ते १ मीटर असू शकते. पाणी तापून प्रसरण पावतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्राला मिळतो, ही त्याची मुख्य कारणं. त्रिभुज प्रदेशांत तर भूजलाच्या उपशामुळे आणि नदीचा गाळ वरच अडल्यामुळे जमीनही खचते. वर्षाला तीन-चार मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण उधाणाची भरती आता या वाढीव पातळीवरून चढते. वडिलांच्या काळी पुरेसा असलेला बांध तेवढ्यानेच तोकडा झाला.

विहीर: सर्वात आधी इथे लक्ष द्या

गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे किनाऱ्याच्या सच्छिद्र जमिनीत ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर तिच्याखाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकू शकतं. याची दुसरी बाजू शेतकऱ्याने कायम ध्यानात ठेवावी: उपशाने पातळी १ मीटर उतरून तशीच राहिली, तर खालची खारी सीमा कालांतराने ४० मीटरपर्यंत वर सरकू शकते. समुद्राची पातळी वाढली की हा तोल आणखी बिघडतो. एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

म्हणून पाणी कमी पडलं की बोअर आणखी खोल नेण्याचा मोह टाळा. लहान पंप लावा, थोडा थोडा वेळ चालवा आणि मध्ये विहिरीला भरू द्या. एका खोल विहिरीपेक्षा अंतरावरच्या दोन-तीन उथळ विहिरी बऱ्या, कारण त्या वरचा गोडा थरच काढतात. आंध्र किनाऱ्यावरच्या वाळूत शेतकरी ‘दोरुवू’ नावाचे उथळ खड्डे याच तत्त्वावर पिढ्यानपिढ्या वापरत आले आहेत.

हातात मावणारा ईसी मीटर, म्हणजे पाण्यातला खार डेसीसायमन प्रति मीटर या मापात दाखवणारं यंत्र, दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून घ्यावा. आत्ता दर आठवड्याला, पंप सुरू करताना आणि बंद करताना, दोन्ही वेळा मोजून वहीत लिहा. बंद करतानाचा आकडा सुरुवातीच्या आकड्यापेक्षा चढू लागला, तर खारं पाणी खालून ओढलं जातंय हे समजून उपसा तिथेच कमी करा. ओलितासाठी ०.७ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंतचं पाणी निर्धोक. ३ च्या वर गेलं की बहुतेक भाज्यांना ते घातक. पाऊस लागला की पहिल्या सरींत छप्पर धुऊन जाऊ द्या आणि पुढचं पाणी गाळून विहिरीत सोडा.

तळं आणि उंचवटा

सखल शेतात एक उपाय सिद्ध झालेला आहे. सुंदरबनात, विशेषतः २००९ च्या आयला चक्रीवादळानंतर, तो बराच पसरला. शेताच्या साधारण पाचव्या हिश्शात सुमारे ३ मीटर खोल तळं खोदायचं आणि निघालेल्या मातीने उरलेल्या शेताचा काही भाग उंच करायचा. तळ्यात पावसाचं पाणी साठतं, उंचवट्यावर भाजीपाला होतो, खालच्या भागात भात राहतो. एक काळजी मात्र घ्यावीच लागते. वरची सुपीक माती आधी काढून बाजूला रचा आणि शेवटी तीच पुन्हा वर पसरा. खोलवरचा काळपट, सडक्या अंड्यासारख्या वासाचा चिखल लागला तर तो उघड्यावर पसरू नका. त्यातली गंधकाची संयुगं हवा लागताच आम्ल तयार करतात आणि त्या जागी पीक उभं राहत नाही.

बांध आणि उघाडी

अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणाला बॅटरी घेऊन बांधाच्या आतल्या पायथ्याने चाला. बाकी जमीन कोरडी असताना तिथे एखादा ओलसर पट्टा आणि त्याच्या कडेला क्षाराची पांढरी फूट दिसली, तर वर कुठेतरी खेकड्याचं बीळ आरपार गेलेलं आहे. ते तोंडाशी माती कोंबून बुजत नाही. तेवढा भाग उकरून काढा आणि ओली चिकणमाती थर देत, तुडवत भरा. भरावाची माती बांधाच्या पायथ्यातून घेऊ नका, नाहीतर पुढची खांड तिथेच पडेल.

उघाडीची झडप भरतीला पूर्ण मिटते का हे आतल्या बाजूने पाहा. एखादं लाकूड किंवा शंखशिंपल्यांचा थर अडकला तरी दर भरतीला खारं पाणी आत येत राहतं. उघाडी कोणी उघडायची, कधी उघडायची, रात्री कोण जाणार, हे गावाने पावसाआधी ठरवून टाकावं.

बांधाबाहेरची तिवरं आणि कांदळ तोडू नका. १०० मीटर रुंदीचा खारफुटीचा पट्टा लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करतो, असं पाहणीत दिसलं आहे. दाट पट्टा असेल तिथे मातीचा बांधही जास्त टिकतो.

पहिला पाऊस वाया घालवू नका

शेताचे आतले बांध आत्ताच भक्कम करा. पहिल्या पावसाचं पाणी शेतात साठू द्या, खार विरघळू द्या आणि ओहोटीला उघाडीतून बाहेर काढा. मग पुन्हा साठवा. नुसतं साठवून भागत नाही, खारं झालेलं पाणी शेताबाहेर गेलं पाहिजे. निचऱ्याच्या जमिनीत ३० सेंटिमीटर थरातून तेवढंच पाणी झिरपून गेलं, तर त्यातला ७० ते ८० टक्के क्षार धुऊन जातो. भारी चिकण जमिनीत एवढं झिरपत नाही. तिथे चर काढा आणि वरचं पाणी दोन-तीनदा बदला.

मातीचा नमुना ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असा वेगवेगळा घ्या. अहवाल हातात आल्यावर क्षारता कोणत्या पद्धतीने मोजली ते विचारा. पुस्तकांतल्या मर्यादा संपृक्त मातीच्या, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या, अर्काच्या असतात, प्रयोगशाळा मात्र अनेकदा माती पाण्यात पातळ करून मोजते आणि तो आकडा बराच कमी येतो. तो पाहून निर्धास्त झालेले शेतकरी पुढे फसतात.

संपृक्त अर्काच्या मापाने भाताचं उत्पादन ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे घटू लागतं. घेवडा १ लाच आणि कांदा १.२ लाच मार खातो, टोमॅटो अडीचपर्यंत तग धरतो, बार्ली ८ पर्यंत. भात उगवताना खार सोसतो, पण दोन-तीन पानांच्या रोपाला आणि फुलोऱ्यात तो सोसत नाही. त्यामुळे रोपवाटिका सर्वात गोड्या जागेत टाका. नेहमीपेक्षा थोडी जून, ३० ते ३५ दिवसांची रोपं लावा आणि एका चुडात दोन-तीन जास्त घ्या. केरळातल्या पोक्कळी या भाताच्या वाणातून घेतलेला ‘सॉल्टॉल’ हा क्षारसहनशील गुण आता अनेक सुधारित वाणांत आहे. बियाणं घेताना त्याची चौकशी करा. भाजी सरीवर लावत असाल तर वरंब्याच्या माथ्यावर नको, उतारावर लावा, कारण पाणी सुकताना क्षार माथ्यावर गोळा होतो. पोटॅशसाठी क्लोराइडऐवजी सल्फेटयुक्त खत वापरा.

सगळंच वाचवता येत नाही

काही तुकडे दरवर्षी बुडतात. दर हंगामाला त्यांच्यावर बियाणं आणि मजुरी घालणं थांबवावं, असं माझं ठाम मत आहे. केरळात पोक्कळी शेतीत पावसाळ्यात भात घेतात आणि पाणी खारट झालं की त्याच शेतात कोळंबी. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातही भात-कोळंबीची अशी पाळी चालते. पण हा निर्णय एकट्याने घेऊ नये. एकाने भलत्या वेळी खारं पाणी आत घेतलं की शेजाऱ्याचं भात जातं. कोणता पट्टा भातासाठी राखायचा, कोणता खाऱ्या पाण्याला द्यायचा आणि कोणता खारफुटीला सोडायचा, हे नकाशा समोर ठेवून सगळ्यांनी मिळून ठरवावं. ज्यांची जमीन त्यात जाते त्यांना बाकीच्यांच्या उत्पन्नातून वाटा द्यावा. याविना कोणी आपली जमीन सोडणार नाही, आणि सोडावी अशी अपेक्षाही करू नये.

यंदा समुद्राचं पाणी शेतात शिरलंच, तर आधी ते बाहेर काढा. माती ओली असेपर्यंत नांगर घालू नका, जनावरंही सोडू नका, नाहीतर जमीन घट्ट बसेल. जिप्सम लगेच टाकू नका. माती तपासा, सोडियम जास्त निघालं तरच टाका आणि त्यानंतर गोड्या पाण्याने धुवा. १९५३ च्या उत्तर समुद्राच्या पुरानंतर नेदरलँड्समध्ये बुडालेली शेतं जिप्सम वापरून सुधारली होती. जमीन धुऊन झाल्यावर धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरा. तो बऱ्यापैकी खार सोसतो, आणि ज्या जागी तो पिवळा पडून खुजा राहतो तिथून पुढच्या तपासणीसाठी मातीचे नमुने घ्या.