बाळ मागे पडतंय असं वाटतंय? मुंबईत डॉक्टरांकडून नीट उत्तर कसं मिळवायचं

बाळ चार महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, नऊ महिने उलटले तरी आधाराशिवाय बसत नाही, वर्ष होत आलं तरी बाबा-दादा असं काही बडबडत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, दीड वर्षाचं होऊनही चालत नाही. यातलं एक जरी असेल तर डॉक्टरकडे जायचं आणि नुसतं "बघू अजून दोन महिने" ऐकून परत यायचं नाही. घरात सगळे सांगणार की याचा बाबा पण उशिराच चालला होता, मुलगे उशिराच बोलतात. असेलही तसं, पण ते तपासून ठरवायचं असतं. बाळ लवकर जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वयातून वजा करून बघतात, म्हणजे दोन महिने आधी झालेलं बाळ आज सहा महिन्यांचं असेल तर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवायची.

दोन गोष्टी मात्र थांबण्यातल्या नाहीत. एक म्हणजे जे जमत होतं ते बंद होणं, आधी बसायचं आता कोलमडतं, आधी हसायचं आता बघतच नाही. दुसरी गोष्ट, झोपेतून उठल्यावर बाळ एकदम दचकल्यासारखं पुढे वाकतं, दोन्ही हात फाकतात, सोडतं, आणि काही सेकंदांनी परत तेच, असं लागोपाठ. घरी वाटतं पोटात कळ येतेय किंवा बाळ दचकतंय, ग्राइप वॉटर दिलं जातं, पण ही एक प्रकारची फिट असू शकते, इन्फंटाइल स्पाझम्स म्हणतात. त्यात उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं मेंदूसाठी चांगलं. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) लगेच होईल का ते विचारा.

व्हिडिओचं महत्त्व एरवीही खूप आहे. ओपीडीत डॉक्टरला मोजकी मिनिटं मिळतात, बाळ तेव्हा झोपलेलं असतं नाहीतर भोकाड पसरलेलं असतं. आमच्या मुलीच्या वेळी तिच्या डाव्या हाताची मूठ कायम मिटलेली असायची आणि खेळणं नेहमी उजव्याच हाताने घ्यायची, पण डॉक्टरांसमोर ती नुसती मला चिकटून बसली. मग आईंनी सतरंजीवर खेळताना काढलेला छोटासा व्हिडिओ दाखवला, डॉक्टरांनी तो दोनदा बघितला आणि लगेच दोन्ही हात-पाय नीट तपासायला घेतले. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल तर ती "उजवखोरी" समजून कौतुक करू नका, डॉक्टरना सांगा.

फाइल एकच ठेवा. डिलिव्हरीचं डिस्चार्ज कार्ड (बाळ लगेच रडलं का, वजन किती, कावीळ किती वाढली होती, साखर कमी झाली होती का, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होतं का), लसीकरणाचं कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आणि एका कागदावर कोणत्या महिन्यात काय जमलं ते. डोक्याचा घेर दर वेळी टेपने मोजायला सांगा आणि तारखेसकट लिहून ठेवा, एका मापापेक्षा तो कसा वाढतोय ते जास्त सांगून जातं. घरच्यांचाही इतिहास लिहा: तीन पिढ्यांत कोणाला फिट्स, ऐकू न येणं, लहानपणी गेलेली मुलं, वारंवार गर्भपात. तुमचं लग्न नात्यातलं असेल, मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, तर ते स्पष्ट सांगा, लाजायचं काही नाही, डॉक्टर त्यावरून तपासण्यांची दिशा ठरवतात. सासूबाईंना आणि आईला एकत्र बसवून विचारलं तर बऱ्याच जुन्या गोष्टी निघतात.

आता जायचं कुठे. नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाकडून चिठ्ठी घ्या आणि पुढे डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियन (मुलांच्या विकासाचे डॉक्टर) किंवा पेडियाट्रिक न्यूरोलॉजिस्ट (मुलांच्या मेंदू-नसांचे डॉक्टर) गाठा. फिट्स, एक बाजू कडक, अंग फारच ढिलं किंवा जमलेलं विसरणं असेल तर आधी न्यूरोलॉजिस्ट. परळला आचार्य दोंदे मार्गावर वाडिया आणि केईएम ही हॉस्पिटलं जवळजवळ आहेत, शिवाय सायन आणि नायर. पालिकेच्या हॉस्पिटलात सकाळी लवकर पोचून केसपेपर काढायचा, आणि स्पेशल ओपीडी रोज नसते म्हणून वार आधीच विचारून घ्यायचा, नाहीतर डोंबिवलीहून बाळाला घेऊन आलेली आई जनरल ओपीडीतच अडकते. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था ऐकण्या-बोलण्यासाठी, हाजी अलीजवळ भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था, वांद्र्यालाच १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी म्हणून सुरू झालेली आणि आता अॅडॅप्ट नावाने चालणारी संस्था, आणि बालविकासावर २००१ पासून काम करणारी उम्मीद. अंगणवाडी किंवा दवाखान्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दलही विचारा, २०१३ साली सुरू झालेली ही योजना १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि विकासातला उशीर तिच्यात येतो.

तपासण्यांबद्दल माझं ठाम मत असं की ज्याच्यावर औषध आहे ते आधी शोधायचं. आपल्याकडे आई शाकाहारी आणि बाळ बरेच महिने फक्त अंगावरच्या दुधावर, अशा घरांत बी-१२ फार कमी असू शकतं. बाळ सुस्त पडतं, रक्त कमी, हसणं-बघणं कमी, कधी हात थरथरतात. साधी रक्ततपासणी आहे, उपचारही अवघड नाहीत, आणि आईचंही बी-१२ त्याच वेळी तपासून घ्या. मग थायरॉइड, कारण जन्मतःच थायरॉइड कमी असेल आणि गोळी उशिरा सुरू झाली तर मेंदूवर परिणाम राहतो, आणि जन्मल्यावर ती टेस्ट सगळीकडे होतेच असं नाही. मुलगा उशिरा चालत असेल तर सीपीके, ही स्नायूंच्या आजारासाठीची रक्ततपासणी. मेटाबॉलिक टेस्टही (शरीरातल्या रासायनिक प्रक्रियांच्या जन्मजात दोषांसाठी) डॉक्टर सांगतील, त्यातल्या बायोटिनिडेजच्या कमतरतेच्या आजाराला चक्क एक व्हिटॅमिन पुरतं. अंग ढिलं पण डोळे एकदम चाणाक्ष, पाय हलवतच नाही असं असेल तर एसएमएची (स्नायू दुबळे होत जाणारा आनुवंशिक आजार) टेस्ट लगेच करायची का विचारा, त्यात एकेक दिवस मोलाचा असतो. प्रत्येक व्हिजिटला उठायच्या आधी हा एक प्रश्न विचाराच: "डॉक्टर, उपचार होऊ शकेल असं काय काय तपासून झालं आणि काय राहिलंय?"

कानाची टेस्ट तर प्रत्येकाचीच, बाळ टाळीला दचकतं म्हणून कान ठीक असं धरू नका. बेरा टेस्टला (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी) बाळ गाढ झोपलेलं लागतं, म्हणून सकाळी लवकर उठवून ठेवायला सांगतात, आणि लोकलमध्ये बसलं की गाडीच्या हलण्याने बाळ नेमकं वांद्र्याच्या आधीच झोपतं! लेडीज डब्यातल्या बायकांना सरळ सांगा की याला झोपू द्यायचं नाहीये, चार जणी मिळून खेळवतात. दूध तिथे पोचल्यावर पाजा. पण टेस्टसाठी झोपेचं औषध देणार असतील तर किती तास उपाशी ठेवायचं ते तेच सांगतील, एमआरआयलाही तसंच, आणि तिथे स्वतःच्या मनाने दूध पाजू नका. डोळेही तपासून घ्या.

हे सगळं चालू असताना थेरपी थांबवून ठेवायची नाही. रिपोर्ट यायला महिने जातात, आणि फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या कामांसाठी हातांचा वगैरे सराव), स्पीच यांना आजाराचं नाव लागत नाही, बाळाला काय जमत नाही तेवढं कळलं की पुरतं. आठवड्यातून एकदा सेंटरला गेलात तरी खरी थेरपी घरीच होते, आंघोळीच्या वेळी, भरवताना, म्हणून थेरपिस्टला प्रत्येक गोष्ट तुमच्या हाताने करून दाखवायला सांगा. स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचारांच्या जाहिराती खूप दिसतील, लाखांत पैसे मागतात. आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच द्यायचे असतात आणि ट्रायलसाठी पेशंटकडून पैसे घेत नाहीत. दागिने मोडू नका त्यासाठी.

कागदपत्रांचं थोडक्यात: २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन होतो, लहान बाळाला बहुतेक वेळा तात्पुरतं सर्टिफिकेट मिळतं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर झालेला परिणाम), ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असेल तर निरामय या सरकारी आरोग्य विम्यात १ लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीसकट.

एसएमएसारखी तातडीची सोडली तर जेनेटिक टेस्ट बहुतेक वेळा शेवटी येते आणि महाग असते, म्हणून लॅबला थेट रक्त न देता आधी जेनेटिक काउन्सेलिंग करून घ्या, मायक्रोअॅरे (क्रोमोसोमचा एखादा तुकडा कमी-जास्त आहे का ते बघणं) करायचं की एक्झोम (जीन्स वाचून बघणं) ते तिथे ठरेल. केईएम हे दुर्मिळ आजारांसाठी केंद्राने नेमलेलं सेंटर ऑफ एक्सलन्स आहे, २०२१ च्या धोरणात ठरावीक आजारांना अशा सेंटरमधून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. रिपोर्टमध्ये व्हीयूएस असं लिहून आलं तर ते उत्तर नव्हे, जीनमध्ये दिसलेल्या त्या बदलाचा अर्थ आज सांगता येत नाही एवढंच, त्यावरून घरात कोणाकडे बोट दाखवू नका. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दिवस राहायच्या आधी जेनेटिक काउन्सेलरला भेटा, कारण दोन्ही पालक वाहक (स्वतः ठणठणीत, पण सदोष जीन असलेले) असलेल्या आजारात प्रत्येक वेळी बाळाला तो आजार होण्याची २५ टक्के शक्यता असते आणि नेमका बदल माहीत असेल तरच गरोदरपणात तपासता येतो. आणि काहीच सापडलं नाही तरी लॅबकडून रॉ डेटा (टेस्टची मूळ माहिती) मागून पेनड्राइव्हवर ठेवा, वर्ष-दोन वर्षांनी तोच डेटा परत तपासला की नव्याने माहीत झालेली जीन्स त्यात सापडू शकतात, नव्याने रक्त द्यावं लागेलच असं नाही.