सॅसमध्ये तारीख मॅक्रो व्हेरिएबलमध्ये ठेवताना

सॅस, म्हणजे आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणक प्रणाली, तारीख साठवते ती १ जानेवारी १९६० पासून उलटलेल्या दिवसांच्या संख्येने. म्हणून महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस, म्हणजे १ मे १९६०, तिच्या लेखी १२१ असतो. मॅक्रो व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅममध्ये नावाने पुन्हा वापरता येणाऱ्या मजकुरात) मात्र केवळ मजकूर राहतो, आणि त्या मजकुराला कोणताही फॉरमॅट, म्हणजे मूल्य कसे दिसावे हे ठरवणारा साचा, जोडलेला नसतो. त्यामुळे फॉरमॅट नंतर लावू असे म्हणून चालत नाही. तो मूल्य साठवतानाच लावावा लागतो.

डेटा स्टेपच्या (डेटा ओळीओळीने वाचून बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या भागाच्या) बाहेर यासाठी %सिसफंक, म्हणजे मॅक्रोमध्ये फंक्शन चालवणारी सोय, वापरावे, कारण त्याचा दुसरा आर्ग्युमेंट फॉरमॅटच असतो:

%लेट आज = %सिसफंक(टुडे(), डेट९.);

%सिसफंक वगळून नुसते टुडे() लिहिल्यास तारखेऐवजी तीच अक्षरे साठवली जातात. वांद्रे-कुर्ला संकुलातील एखाद्या बँकेसाठी मागील महिनाअखेरचा अहवाल करायचा असेल, तर पुढीलप्रमाणे लिहावे. इंटएनएक्स तारीख पुढे-मागे सरकवते; -१ म्हणजे एक महिना मागे आणि ई म्हणजे महिन्याची अखेर. येथे मंथ आणि ई यांना अवतरणचिन्हे लावायची नाहीत.

%लेट अखेर = %सिसफंक(इंटएनएक्स(मंथ, %सिसफंक(टुडे()), -१, ई), डीडीएमएमवायवाय१०.);

आपल्याकडच्या वाचकाला दिवस आधी आणि महिना नंतर पाहण्याची सवय असल्याने मथळ्यासाठी ०१/०५/१९६० असे दाखवणारा हा फॉरमॅट योग्य आहे. एमएमडीडीवायवाय१० वापरल्यास १ मे ही तारीख ५ जानेवारी म्हणून वाचली जाईल. फाइलच्या नावात तिरप्या रेघा चालत नाहीत, तेथे वायवायएमएमडीडीएन८ (१९६००५०१ असा) घ्यावा.

खरा धोका तुलनेच्या वेळी असतो. डीडीएमएमवायवायडी१० ने साठवलेली ०१-०५-१९६० ही तारीख डेटा स्टेपमधील अटीत तशीच उतरवली, तर सॅस ती वजाबाकी समजून उणे १९६४ काढते आणि कोणतीही चूक न दाखवता पुढे जाते. डेट९ मधील (०१मे१९६० असे दिसणारे) मूल्य "&आज"डी असे दुहेरी अवतरणात लिहिल्यास ते तारीख म्हणून वाचले जाते; एकेरी अवतरणात मॅक्रो व्हेरिएबल उलगडतच नाही. माझ्या मते सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे दोन व्हेरिएबल ठेवणे: तुलनेसाठी फॉरमॅटविना संख्या आणि छपाईसाठी फॉरमॅट केलेला मजकूर.

तारीख डेटासेटमधून घ्यायची असल्यास डेटा स्टेपमध्ये कॉल सिमपुटएक्स, म्हणजे मूल्य मॅक्रो व्हेरिएबलमध्ये भरणारी आज्ञा, वापरावे:

कॉल सिमपुटएक्स('भेट', पुट(भेटतारीख, डेट९.));

पुट वगळले तर मूळ संख्याच साठवली जाते. जुन्या सिमपुटपेक्षा सिमपुटएक्स बरे, कारण ते मागच्यापुढच्या रिकाम्या जागा काढून टाकते. प्रॉक एसक्यूएलमध्ये (सॅसमध्ये एसक्यूएल क्वेरी चालवणाऱ्या भागात) सिलेक्टच्या स्तंभाला फॉरमॅट=डेट९. जोडून इनटू लिहिले की तेच साधते. सिमपुटएक्सने भरलेले मूल्य त्याच डेटा स्टेपमध्ये &भेट असे लिहून मिळत नाही, कारण & चा उलगडा स्टेप कंपाइल होतानाच होतो; ते रन नंतरच्या स्टेपमध्ये वापरावे.

आजच्या तारखेसाठी &सिसडेट९ वर विसंबू नये. ती सत्र सुरू झाल्याची तारीख असते, आणि रात्री सुरू केलेले काम मध्यरात्रीनंतरही चालले तरी ती बदलत नाही.