वनालगतच्या गोठ्यातील जनावरांना शिकाऱ्यांच्या फासक्यांपासून कसे जपावे

मुंबईत शेळ्या-म्हशी पाळणाऱ्याला शिकाऱ्यांची धास्ती असते, हे शहरातल्या इतरांना सहसा खरे वाटत नाही. परंतु आरे दुग्ध वसाहतीतील युनिटे, गोरेगावच्या चित्रनगरीमागचे पाडे, मुलुंडची डोंगरउतरण आणि पलीकडचे येऊर या भागांत गोठा आणि जंगल यांच्यामध्ये पुष्कळदा एक नाला किंवा पडकी भिंत एवढेच अंतर असते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या कडेने रानडुक्कर, ससा, भेकर, चितळ यांच्या मागावर चोरून येणारी माणसे आपल्या गोठ्याच्या पाठीमागून, कधी थेट आपल्या आवारातूनच ये-जा करतात. आपली शेळी मारावी असा त्यांचा हेतू बहुधा नसतो. पण त्यांनी लावलेली तार रानडुकराच्या वाटेवर असते, आणि आपली जनावरेही त्याच वाटेने चरायला जातात. २०१८ मध्ये चित्रनगरीच्या परिसरात अशाच फासक्यांनी, म्हणजे तारेच्या फासांनी, एक बिबट्या आणि एका सांबराचा जीव घेतला. ज्या तारेतून बिबट्या सुटू शकला नाही, तिच्यापुढे करडाचा काय निभाव लागणार?

काही देशांत शिकारीचा हंगाम कायद्याने ठरलेला असतो आणि पशुपालक त्या तारखा पाहून जनावरे आत घेतात. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी असल्यामुळे तसे कॅलेंडर नाही. तरीही चोरट्या शिकारीचा एक ऋतुक्रम असतो आणि तो ओळखता येतो. पावसाळा सरल्यावर गवत कंबरेपर्यंत वाढलेले असते आणि त्यात तार दिसत नाही. शिमग्याच्या सुमारास कोकणपट्टीत पारधीची, म्हणजे शिकारीची, जुनी चाल आहे. तिचा बहाणा करून बाहेरची माणसेही रानात शिरतात. एप्रिल-मेमध्ये झरे आटतात, तेव्हा उरलेल्या पाणवठ्यांकडे जाणाऱ्या वाटांवर टपून बसणे सोपे होते. या तीन वेळी दक्षता दुप्पट करावी.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. फासकी सापडली की शेजारच्या पाड्यावर बोट दाखवण्याची घाई करू नये. आरेतील केलटीपाडा, खांबाचा पाडा यांसारख्या पाड्यांवरील वारली व इतर आदिवासी कुटुंबांच्या शेळ्या-कोंबड्याही याच तारांत मरतात. रात्री कोणती अनोळखी मोटारसायकल कोठे थांबली, कुत्री कोणत्या बाजूला भुंकली, हे सर्वांत आधी त्यांनाच कळते. त्यांच्याशी रोजचे बोलणे असेल तर अर्धी राखण आपोआप होते.

फासकी कशी ओळखावी

बहुतेक फासक्या मोटारसायकलच्या क्लच किंवा ब्रेकच्या तारेच्या असतात. तार स्वस्त, लवचीक आणि चिवट असते. जनावर जितके ओढते तितका फास आवळत जातो. सशासाठी लावलेला फास जमिनीपासून वीतभर उंच असतो आणि रानडुकरासाठीचा साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर असतो, म्हणजे नेमका शेळीच्या गळ्याच्या किंवा वासराच्या छातीच्या पातळीवर. तारेची चमक मारण्यासाठी ती जाळून काळी केलेली असते, त्यामुळे तार शोधण्यापेक्षा तिच्या आजूबाजूची माणसाची कामगिरी शोधावी. कारवीच्या झुडपांत कोयत्याने नुकत्याच छाटलेल्या फांद्या, बुंध्याशी घासलेली साल, विनाकारण वाकवून ठेवलेले रोपटे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काट्याकुट्या रचून केलेले बुटके कुंपण, ज्यात मध्येच जनावर जाईल एवढीच फट सोडलेली असते. ही फट म्हणजे आमंत्रण असते आणि फास तेथेच लावलेला असतो.

सकाळी सूर्य वर येण्याआधीचा तिरपा उजेड या कामाला उत्तम. उजेडाकडे तोंड करून, खाली वाकून वाटेकडे पाहिले की दवाचे थेंब ओळीने अधांतरी लटकलेले दिसतात. कोळ्याचे जाळे असेल तर ते वाऱ्याने हलते, तार हलत नाही. मला पहिली फासकी अशीच दिसली होती. हातात चार-पाच फुटांची काठी घ्यावी, ती पुढे जमिनीलगत आडवी फिरवत चालावे आणि पायात बंद बूट असावेत.

चराईची शिस्त

शिकारी बहुधा संध्याकाळी फास लावतात आणि पहाटे उजाडण्यापूर्वी पाहून जातात. मधल्या रात्रीत चुकून बाहेर राहिलेले जनावर सर्वाधिक धोक्यात असते. म्हणून सूर्य मावळण्याआधी सर्व जनावरे मोजून आत घ्यावीत. मोजणी डोक्यात न ठेवता दाराशी टांगलेल्या पाटीवर लिहावी, कारण पंचवीस शेळ्यांत एक कमी असल्याचे अनेकदा दूध काढायच्या वेळेपर्यंत लक्षात येत नाही. सकाळी ज्या वाटेने कळप जाणार, ती वाट माणसाने आधी चालून पाहावी आणि मगच दावी सोडावीत. रोज संपूर्ण रान पाहणे शक्य नसते. पण कळपाच्या दोन-तीन ठरलेल्या वाटा, नाल्याचे उतार आणि कुंपणातील भगदाडे एवढे पाहायला अर्धा तास पुरतो.

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गुरे चारण्यास कायद्याने मनाई आहे, हे पुष्कळ जण जाणूनबुजून विसरतात. जनावर हद्दीच्या आत फासकीत सापडले तर नुकसान तर होतेच, शिवाय तक्रार करायला गेल्यावर आपणच उत्तर देण्याच्या जागी उभे राहतो. हद्द कोठून जाते हे वनरक्षकाला विचारून घ्यावे आणि त्या बाजूचे कुंपण प्रथम दुरुस्त करावे. सगळीकडे पक्की भिंत परवडत नाही. परंतु खालच्या दोन फुटांत जाळी आणि वर काटेरी तारेचे दोन पदर एवढ्याने शेळ्या बाहेर जात नाहीत आणि रात्री आत शिरणाऱ्यालाही सहज वाट मिळत नाही.

गळ्यात काय असावे

रात्री बॅटरीच्या झोतात शिकार करणारे चमकणाऱ्या डोळ्यांवर नेम धरतात, आणि अंधारात शेळीचे, गाईचे डोळे हरणाच्या डोळ्यांसारखेच चमकतात. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जनावराच्या गळ्यात रेडियमची पट्टी असावी. दुचाकीला चिकटवतात तीच पट्टी कापडी पट्ट्यावर शिवून घेतली तरी चालते. झोत पडताच ती उजळते आणि हे पाळीव जनावर आहे असे लांबूनही कळते. पट्टा सुती आणि सैलसर असावा. नायलॉनची दोरी वापरू नये, कारण ती फांदीत अडकली तर तिचाच फास होतो.

घंटेला पर्याय नाही. कळपातील निदान प्रत्येक चौथ्या जनावराला घंटा असावी, आणि जी शेळी कळप सोडून भटकते तिला तर असावीच. आमची तांबडी शेळी दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी परतली नाही. नाल्यापलीकडे कारवीत अधूनमधून, फार मंद, एकदा वाजून थांबणारी घंटा ऐकू आली. चरणाऱ्या जनावराची घंटा तशी वाजत नाही. तिथे पोहोचलो तेव्हा ती पुढचे दोन्ही गुडघे टेकून बसली होती, जीभ निळसर पडली होती, आणि गळ्यातली तार केसांत इतकी रुतली होती की डोळ्यांना दिसतच नव्हती. बोट फिरवल्यावरच ती लागली. शेळी वाचली, ती केवळ त्या घंटेमुळे.

कानात सरकारी बारा अंकी टॅग असणे ओळखीसाठी आवश्यक आहे. विमा असेल तर टॅग गळून पडल्याबरोबर कळवून नवा मारून घ्यावा, कारण टॅग नसल्यास दावा अडतो.

आवारातील काही बाबी

मेलेले पारडू किंवा व्यायल्यावर पडलेली वार नाल्यात फेकण्याची वाईट सवय आपल्याकडे आहे. त्या वासाने कुत्री आणि रानडुकरे येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो आणि डुकरांमागे शिकारी. मृत जनावर महापालिकेला कळवून उचलून न्यायला लावावे. गोठ्याच्या मागच्या बाजूला रात्रभर एक दिवा जळता ठेवावा. पुढे दिवा सगळेच लावतात, पण माणसे मागून येतात. राखणीची कुत्री रात्री मोकळी सोडल्यास तीच फासकीत सापडतात. त्यांना आवारात ठेवून भुंकू द्यावे.

फासकी सापडल्यास

वनक्षेत्रातील फासकी हा गुन्ह्याचा पुरावा असतो. ती उपटून खिशात घालू नये. मोबाइलवर जवळून एक आणि आजूबाजूची झाडे दिसतील असे दुसरे छायाचित्र काढावे, मोबाइलवरूनच ठिकाण नोंदवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. जनावरे त्याच वाटेने येत असतील तर वनकर्मचारी येईपर्यंत काठीने फास उघडा पाडून वाटेवर फांदी आडवी टाकावी आणि माणूस उभा करावा. एक फासकी सापडली म्हणजे जवळपास आणखी असतात, हे गृहीत धरूनच पाऊल टाकावे.

पिठाचा किंवा चरबीचा घट्ट बांधलेला गोळा रानात पडलेला दिसला तर त्याला काठीही लावू नये. डुकरांसाठी टाकलेला गावठी बॉम्ब असाच असतो. तो चावला जाताच फुटतो आणि गाईम्हशींचे जबडे फाटतात. मागे सरावे, जनावरे दूर न्यावीत आणि ११२ वर कळवावे.

माणसे समोर दिसल्यास त्यांना हटकायला जाऊ नये. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक किंवा कोयता असू शकतो. किती जण, कोणत्या दिशेने गेले, वाहनाचा क्रमांक, सोबत कुत्री होती का, एवढे ध्यानात ठेवून सुरक्षित जागेवरून कळवावे. फासकीत बिबट्या अडकला असेल तर गर्दी जमू देऊ नये, कारण घाबरून ओढ घेणाऱ्या प्राण्याकडून तार तुटू शकते. उद्यानाचे बचाव पथक येईपर्यंत लांब राहावे.

जनावर अडकले असता

प्रथम आवाज बंद करावेत. एकाने जनावराचे डोळे गोणपाटाने झाकून मान धरावी, दुसऱ्याने तार झाडाकडच्या बाजूने सैल करावी, म्हणजे ओढ थांबते. त्यानंतरच गळ्यावरची तार पक्कडीने किंवा वायर कटरने कापावी. कोयत्याने तार तोडण्याचा प्रयत्न करू नये. तार सुटल्यावर केसांतून बोट गोल फिरवून पाहावे, कारण तुटक्या तारेचे एखादे तंतू सुजेत रुतून राहतात आणि आठवड्याने तेथे पू होतो. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे दोन चमचे मीठ घालून त्याने जखम धुवावी आणि पोव्हिडोन आयोडीन लावावे. गळा आवळला गेला असेल तर तोंडात पाणी किंवा औषध ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. आपणहून पिऊ लागले तरच पाणी द्यावे.

त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवून धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, आणि गंभीर जखमेसाठी परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे. पावसाळ्यात जखमेवर माशी बसून अळ्या पडतात, म्हणून दहा दिवस सकाळ-संध्याकाळ जखम उघडून पाहावी.

तक्रार

जनावर मेले असेल तर गळ्यातली तार काढू नये, पंचनामा होऊ द्यावा. सरकारी पशुवैद्याकडून शवविच्छेदन करून घ्यावे आणि टॅगचा क्रमांक अहवालात लिहिला गेला आहे का, हे तेथेच वाचून पाहावे. जनावराला मारणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा असून त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी लागते. शिकारीचा गुन्हा वनविभागाकडे वेगळा नोंदला जातो, आणि बिबट्यासारख्या प्राण्याच्या शिकारीला किंवा राष्ट्रीय उद्यानातील शिकारीला किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आहे. दोन्हीकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. वन्यप्राण्याने जनावर मारल्यास शासन नुकसानभरपाई देते. माणसाने लावलेल्या फासकीने मेलेल्या जनावराला त्या योजनेचा आधार नसतो, म्हणून दुभत्या जनावरांचा विमा उतरवणे योग्य.

ज्या वाटेवर फासकी सापडली ती वाट पुढचा महिनाभर कळपासाठी बंद ठेवावी. शिकारी एकदा हेरलेली वाट सहसा सोडत नाही. तार गेली तर तो नवी आणून त्याच बुंध्याला बांधतो. आमच्या नाल्यापलीकडे तांबडी सापडल्यानंतर नवव्या दिवशी त्याच जागी दुसरी तार होती, आणि तेव्हा ती सकाळच्या फेरीत आम्हाला आधी दिसली.