दारात बसलेला वसुलीवाला: गटाचं कर्ज थकलं तर काय करायचं

मराठवाड्यात गटाच्या कर्जाचा हप्ता आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला असतो, आणि हातात पैसा येतो हंगामाला: सोयाबीन मोंढ्यावर गेलं की, नाहीतर ऊसतोडीच्या मुकादमाची उचल मिळाली की. मधे दोन हप्ते चुकले की फायनान्सवाला ओट्यावर येऊन बसतो. "पैसे घेतल्याशिवाय उठत नाही", "तुमच्या नावाचा बोर्ड लावतो", "पोलीस घेऊन येतो". कर्ज फेडायचं आहे ते आहेच. पण हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस कुणाला उचलत नाहीत. (चेक दिला असेल तर गोष्ट वेगळी, ती पुढे.)

आधी पैसे कोणाचे ते बघा. तक्रार चुकीच्या दारात गेली की महिना वाया जातो. मायक्रोफायनान्स कंपनी किंवा बँक असेल तर वर रिझर्व्ह बँक. पतसंस्था असेल तर तालुक्याचे सहाय्यक निबंधक, आणि नावात 'मल्टिस्टेट' असेल तर दिल्लीचे केंद्रीय निबंधक. खाजगी सावकार असेल तर पुन्हा सहाय्यक निबंधकच, कारण २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. गटाच्या कर्जाला कार्ड असतं. त्यावर संस्थेचं पूर्ण नाव आणि तक्रार अधिकाऱ्याचा तपशील छापलेला असतो. कार्ड वसुलीवाल्याच्या बॅगेत असेल तर आधी ते परत घ्या.

वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेल्या कर्जावर रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम लागू आहेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुली नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाईक किंवा शेजाऱ्यांना त्रास, थकबाकीदारांची नावं जाहीर करणं, सगळं मना. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी व्हायची, म्हणजे सहसा सेंटर मीटिंगला, गटाच्या हप्त्याच्या बैठकीला. आणि लोक इथंच चुकतात. पैसे नाहीत म्हणून मीटिंगलाच जात नाहीत. कर्जदार लागोपाठ दोनदा ठरलेल्या जागी आला नाही, तर कर्मचाऱ्याला घरी यायची मुभा त्याच नियमात आहे. म्हणून रिकाम्या हातानं का होईना, मीटिंगला जा. शंभर-दोनशे रुपये असतील तर भरा, कार्डावर तारीख, रक्कम, सही घ्या. वसुलीवाल्याच्या स्वतःच्या नंबरवर फोन-पे करू नका. तो बदलून गेला की कार्डावर सही नसलेला हप्ता 'आलाच नाही' ठरतो.

ऊसतोडीला जाणार असाल तर जायच्या आधी शाखेत एका पानाचा अर्ज द्या: अमुक तारखेपासून कारखान्याला जात आहोत, हप्ता कमी करून मुदत वाढवा. मान्य करणं त्यांच्यावर आहे. पण शिक्का मारलेली प्रत जवळ असली की "कर्ज बुडवून पळाले" म्हणता येत नाही.

छळ चालू झाला की एक वही करा. नोंद अशी हवी: "मंगळवार, संध्याकाळी ७.२०. दोघे आले, ओळखपत्र दाखवलं नाही. सासूला म्हणाले, भांडी विका. ८.१० ला गेले. शेजारची बाई हजर." 'रोज त्रास देतात' या वाक्याचा उपयोग नाही, ७.२० चा आहे. कारण तिथं नियम मोडल्याची वेळच लिहिलेली आहे. कॉल रेकॉर्ड करा, आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका.

वहीवरून शाखेला आणि तक्रार अधिकाऱ्याला अर्ज करा. कर्ज क्रमांक, तारीखवार घटना, आणि मागण्या दोनच: वसुली नियमात करा, आजवरच्या जमेचा खातेउतारा द्या. शाखा पोच देत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या वेबसाइटवर (सीएमएस पोर्टल) किंवा चंदीगडच्या केंद्रात टपालानं तक्रार करता येते, फी नाही, माहितीला १४४४८. आधी संस्थेकडे न जाता थेट लोकपालाकडे केलेली तक्रार परत येते.

पोलिसांसाठी मात्र ३० दिवस थांबायची गरज नाही. प्रसंग चालू असेल तर ११२. ठाण्यात नुसतं "धमकी दिली" सांगितलं की बहुधा एनसी (अदखलपात्र नोंद) होते आणि कागद तिथंच राहतो. घरात घुसले असतील, किंवा एका बाईचा हप्ता येईपर्यंत अख्ख्या गटाला मीटिंगमधून उठू दिलं नसेल, तर ते आधी लिहा. भारतीय न्याय संहितेत घरात घुसणं (कलम ३२९) आणि अडवून ठेवणं (कलम १२६) दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागतो. ठाणं घेत नसेल तर तोच अर्ज पोस्टानं पोलीस अधीक्षकांना.

आता चेक. सही केलेला कोरा चेक दिला असेल आणि तो परत गेला, तर चेक न वटल्याच्या कायद्यातल्या कलम १३८ ची नोटीस येते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम द्यावी लागते, नाहीतर फौजदारी केस होऊ शकते. ही नोटीस फेकू नका. लोकअदालतीची नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे, ते तडजोडीचं बोलावणं आहे. व्हॉट्सॲपवर 'अटक आदेश' आला तर तालुका विधी सेवा समितीत दाखवा. बायकांना तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो (फोन १५१००). मोबाइल ॲपवाल्यांनी फोटो बिघडवून पाठवायची धमकी दिली तर १९३० वर कळवा, आणि स्क्रीनशॉट काढल्याशिवाय ॲप उडवू नका.

तडजोड झाली तर रक्कम आणि तारीख संस्थेच्या लेटरहेडवर आल्याशिवाय पैसे भरू नका. कमी पैशात मिटवलेलं खातं सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' दिसतं, आणि पुढं बँकेत पीक कर्ज मागताना ते आडवं येतं. जमत असेल तर हप्ते पाडून पूर्ण रक्कम भरणं बरं. शेवटचा हप्ता भरला त्याच दिवशी नील दाखला (काही बाकी नाही असा) आणि दिलेले कोरे चेक परत मागा, तेही लेखी.