मुंबई ते न्यूयॉर्क: अंतराचं आणि वेळेचं गणित घरबसल्या कसं करायचं

समजा, तिकिटावर मुंबईहून सुटायची वेळ रात्री 1:30 आणि न्यूयॉर्कला पोहोचायची सकाळी 6:30 आहे, तीही त्याच तारखेची. वजाबाकी केली तर पाच तास! घरातली मोठी माणसं इथेच फसतात.

आधी अंतर. शाळेतला पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा घ्या. मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. तो अरबस्तान, भूमध्य समुद्र असा जात नाही, थेट उत्तरेला चढतो आणि रशिया, नॉर्वे, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरतो. सपाट नकाशावर हे पटतच नाही. आता दोरा मोजा. 30 सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर तो साडेएकोणतीस सेंटीमीटरच्या आसपास भरेल, आणि त्या गोलाचं विषुववृत्त साधारण 94 सेंटीमीटर. खरं विषुववृत्त 40,075 किलोमीटरचं. त्रैराशिक मांडलं की उत्तर येतं सुमारे 12,500 किलोमीटर. गोल नसेल तर गुगल मॅप्समध्ये अंतर मोजायची सोय आहे, पण दोऱ्याची मजा त्यात नाही.

मग भागाकार. मोठं जेट विमान ताशी 900 किलोमीटरच्या आसपास उडतं. 12,500 भागिले 900, म्हणजे चौदा तासांना थोडे कमी. चढणं, उतरणं आणि धावपट्टीपर्यंत रांगणं यासाठी अर्धा-पाऊण तास वाढवा.

आता वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. म्हणून जायला साधारण 15 ते 16 तास, यायला साधारण 14. त्यात आकाशातले रस्तेही बंद होतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा वळसे पडले. त्यामुळे दोऱ्याचं अंतर हे कमीत कमी अंतर समजा, विमान त्याहून जास्तच कापतं.

शेवटी घड्याळ. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावाच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. हिवाळ्यातलं आपलं उदाहरण घ्या: 1:30 मध्ये साडेपंधरा तास मिळवले की मुंबईत संध्याकाळचे 5 वाजतात, त्यातून साडेदहा वजा केले की सकाळचे 6:30. जुळलं!

येताना उलट, मिळवणी. तिथून दुपारी 12 ला निघालेलं विमान चौदा तासांनी, आपल्या घड्याळात दुसऱ्या दिवशी दुपारी 12:30 ला उतरेल. तारीख पुढे सरकते, हे आणायला जाणाऱ्याला आधीच सांगा, नाहीतर तो आदल्या दिवशीच विमानतळावर उभा.