छोट्या व्यवसायाची करपूर्तता: दर महिन्याच्या १४ तारखेला काय पाहावे

दुकान किंवा छोटे वर्कशॉप सुरू करणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: जीएसटी नंबर घ्यावाच लागेल का? महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आणि सेवा देणाऱ्याची २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी बंधनकारक होते, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. चूक होते ती उलाढाल मोजताना. ती दुकानावर नव्हे, पॅनवर मोजली जाते. म्हणजे पुण्याच्या शुक्रवार पेठेतील दुकान आणि हडपसरमधील गाळा एकाच पॅनवर असतील, तर दोन्हींची विक्री करमाफ मालासकट एकत्र धरावी लागते. पंपाचे सुटे भाग विकणारा दुकानदार बिलात दुरुस्तीची मजुरीही लावत असेल, तर तो केवळ माल विकणारा राहत नाही आणि त्याला २० लाखांचीच मर्यादा लागू होते. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा जागेच्या पुराव्यावर. भाड्याच्या जागेसाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि मालकाच्या नावाचे वीजबिल किंवा मिळकतकराची पावती लागते. पेठांमधील जुन्या वाड्यांत महावितरणचे बिल अजून आजोबांच्या नावाने येत असते आणि करारावर सही मात्र नातवाची असते. ही नावे जुळवण्यास वेळ लागतो, म्हणून गाळा घेतानाच मालकाकडून कागद मागून घ्यावेत.

नोंदणीनंतर कंपोझिशन योजनेचा, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्क्याने कर भरण्याच्या सोप्या पद्धतीचा, विचार करावा. मागील वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेल्या व्यापाऱ्याला यात १ टक्का कर भरावा लागतो, दर तिमाहीनंतर १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ (तिमाहीच्या कराचे विवरण) आणि वर्षाअखेरीनंतर ३० जूनपर्यंत जीएसटीआर-४ (वार्षिक विवरणपत्र) भरले की काम होते. मात्र हा कर ग्राहकाकडून वसूल करता येत नाही, खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. ज्याचे गिऱ्हाईक घरगुती आहे त्याने ही योजना जरूर घ्यावी. परंतु भोसरीतील कारखान्यांना माल देणाऱ्याने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या कारखान्यांना वजावट हवी असते आणि ती न मिळाल्यास ते दुसरा पुरवठादार शोधतात.

नियमित पद्धतीत मात्र वजावट, म्हणजेच खरेदीवर दिलेला कर विक्रीवरील करातून कमी करणे (इनपुट टॅक्स क्रेडिट), हाच सर्व हिशेबाचा गाभा आहे. समजा, एप्रिलमध्ये १ लाख रुपयांचे विजेचे सामान घेतले आणि त्यावर १८,००० रुपये जीएसटी दिला. बिल हातात आहे, पैसेही चुकते केले आहेत. तरीही पुरवठादाराने ते बिल आपल्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) दाखवेपर्यंत हे १८,००० रुपये वजा करता येत नाहीत. कोथरूडमधील एका दुकानदाराच्या बाबतीत मी हे पाहिले आहे. त्याचा घाऊक व्यापारी तिमाही विवरणपत्र भरणारा होता आणि मधल्या महिन्यांची बिले वेगळी चढवत नव्हता, त्यामुळे एप्रिलचे बिल थेट १४ जुलैला दिसले. दुकानदाराला एप्रिलचा कर भरताना, २० मे रोजी, तेवढी रक्कम खिशातून भरावी लागली, आणि छोट्या दुकानात तेवढ्याने पुढच्या मालाची खरेदी अडते.

म्हणूनच दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदी-बिलांचा पोर्टलवरील तक्ता, तयार झाला की तो उघडून खरेदीच्या वहीशी ओळ-ओळ जुळवावा. बिल क्रमांक, आपला जीएसटी क्रमांक आणि कराची रक्कम या तीन गोष्टी पाहाव्यात. जे बिल दिसत नाही त्यासाठी त्याच दिवशी पुरवठादाराला फोन करावा. नव्या पुरवठादाराला तो मासिक विवरणपत्र भरतो की तिमाही, हे पहिल्याच खरेदीच्या वेळी विचारावे. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत न दिल्यास घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते, आणि राहून गेलेली वजावट पुढील आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरनंतर कायमची जाते. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र चुकवू नये, कारण त्यालाही दररोज २० रुपये विलंब शुल्क लागते.

रोखीचे व्यवहार हा दुसरा नाजूक विषय आहे. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च आयकरात सहसा धरला जात नाही. भांडवल कमी पडले म्हणून मित्राकडून २०,००० किंवा अधिक रुपये हातउसने घ्यायचे असतील, तर ते बँकेमार्फतच घ्यावेत. रोख घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

व्यवसाय कर राज्याचा असून तो महाजीएसटीच्या संकेतस्थळावर भरला जातो. मालकाने स्वतःचे वर्षाला २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरावेत. कामगारांच्या पगारातून कपात करताना महिला कर्मचाऱ्याला दरमहा २५,००० रुपयांपर्यंत सूट आहे, हे विसरू नये. गुमास्ता कायद्याखालील (दुकाने व आस्थापना कायदा) नोंद वेळेत करावी आणि दुकानाची पाटी देवनागरी मराठीत, इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लावावी. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून केंद्र सरकारकडे होणारी नोंद, पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

आयकराची वार्षिक देणी १०,००० रुपये किंवा अधिक होत असतील, तर आगाऊ कर भरावा लागतो. अनुमानित उत्पन्नाची पद्धत (उलाढालीच्या ठरावीक टक्क्याला नफा धरणे) निवडणाऱ्याने तो एकरकमी १५ मार्चपर्यंत भरावा. इतरांसाठी जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या १५ तारखेला चार हप्ते असतात.

नोंदणी करताना मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्यावा, सल्लागाराचा नव्हे. आता नोटिसा बहुधा पोस्टमनच्या हातून येत नाहीत. त्या पोर्टलवर दिसतात आणि ईमेलने येतात. नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस आल्यास उत्तरासाठी कामाचे केवळ ७ दिवस मिळतात. जुना सल्लागार सोडला असेल, तर पोर्टलवर त्याचाच क्रमांक राहिला आहे का ते आजच तपासावे आणि असल्यास बदलून घ्यावा.